सावलीतली नोकरी

आमच्या वडिलांची जन्मात एकच महत्त्वाकांक्षा होती. आपल्या पोराला सावलीतली नोकरी लागावी! जामखेडजवळच्या हलक्या रानात पावसाची वाट पाहण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी भाकरी घेऊन शेतावर गेलो की ते मला बांधावरच्या लिंबाखाली पिटाळीत. म्हणत, "उन्हात कशाला येतोस रे? सावलीत बस, पुस्तक वाच."

मी बसलो. पुढं कचेरीत कारकून म्हणून चिकटलो, तेव्हा त्यांनी आळीभर पेढे वाटले. त्यानंतर एकतीस वर्षं मी पंख्याखाली फायली चाळल्या. सुटीच्या दिवशीसुद्धा दुपारी उंबऱ्याबाहेर कधी पाऊल टाकलं नाही.

या पितृभक्तीचा हिशेब सदुसष्टाव्या वर्षी माझ्या हाती पडला, आणि तोही दातांच्या दवाखान्यात!

खालचे तीन दात गेले होते. त्यात सावलीचा दोष नव्हता, हे आधीच कबूल करतो. तंबाखूची मशेरी आणि हिरड्यांची हयगय, या दोघींचं ते काम. मशेरी सुटली, पण दात काही परतले नाहीत. भाकरी दुधात कुस्करावी लागे. दिवाळीत सूनबाईंनी चकल्यांचं ताट पुढं केलं की "तेलकट सोसत नाही" असं खोटंच सांगून मी मुकाट्यानं बेसनाचा लाडू उचली. माझे वडील पंच्याहत्तरीतही दातांनी ऊस सोलीत, आणि मी त्यांचा मुलगा!

डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, इम्प्लांट बसवू. हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दात. पण आधी रक्त तपासून या. साखर बघू, आणि ड जीवनसत्त्वही."

"दात बसवायचा आहे ना? मग रक्त कशाला?"

"स्क्रू मी बसवीन, काका. पण त्याला धरून ठेवायचं काम तुमच्या हाडाचं."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. 1952 साली स्वीडनमधले ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या हाडाचा अभ्यास करीत होते. हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काम झाल्यावर काढू गेले, तर ते निघेना! हाडानं त्याला आपलंसं केलं होतं. त्याच आधारावर 1965 साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात दात रोवले.

आता हाड वाढायचं तर कॅल्शियम हवं, आणि खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला ड जीवनसत्त्व हवं. ते नसेल तर शंभरातले जेमतेम 10 ते 15 भाग अंगी लागतात. बाकीचं आल्या वाटेनं जातं. आणि हे जीवनसत्त्व मुख्यतः बनतं कुठं? उन्हात, आपल्या कातडीत!

माझा आकडा आला 11. वीसच्या खाली म्हणजे कमतरता. उन्हानं माळ तडकतात अशा तालुक्यातला मी माणूस, आणि मलाच उन्हाचा तुटवडा!

"म्हणजे हे भरून निघालं की दात पक्का?" मी विचारलं.

"तसं वचन नाही देत," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. "जनावरांवरच्या प्रयोगांत फायदा दिसलाय, माणसांच्या बाबतीत पुरावा अजून एकमुखी नाही. तंबाखू, साखर आणि स्वच्छता यांचा वाटा मोठा. पण काका, स्लॅबला पाणी मारलं म्हणून घर पडणारच नाही असं नसतं; म्हणून पाणी मारायचं कुणी सोडतं का?"

आठवड्याला एक, अशा 60,000 युनिटच्या आठ पुड्या त्यांनी लिहून दिल्या. मनानं जास्त घेऊ नका, रक्तात कॅल्शियम वाढून अपाय होतो, असं दोनदा बजावलं. मी ऐटीत सांगितलं, "रोज सकाळी सातला खिडकीत उन्हाला बसून पेपर वाचतो की!" त्या हसल्या. कोवळ्या उन्हात हवे ते किरण फारसे नसतात, आणि असतील तेही काच अडवते. अकरानंतर थोडा वेळ, हात उघडे ठेवून बसायचं.

घरी येताना मला आरोळे डॉक्टर दांपत्याची आठवण झाली. 1970 साली त्यांनी आमच्या जामखेडात काम सुरू केलं आणि खेड्यांतल्या अल्पशिक्षित बायकांना आरोग्यसेविका केलं. निम्मं आरोग्य दवाखान्याबाहेर, अन्नात, पाण्यात आणि सवयीत असतं, हे त्या बायका घरोघर सांगत. माझ्या गावात जग शिकायला येत होतं, आणि मी पंख्याखाली बसलो होतो!

स्क्रू बसला. तीन महिने वाट पाहिली. मग डॉक्टरीणबाईंनी त्यावर हलकेच ठोकून पाहिलं, बाजारात माठ वाजवून घेतात तसं. टण्! "धरलं काका, हाडानं धरलं!"

परवा वसुबारसेला पहिल्या घाण्यातली चकली खाल्ली. कुर्रकन् वाजली. सूनबाई बघतच राहिल्या.

नातू अंगणात किल्ला रचीत होता. अकरा वाजून गेले होते. मी सवयीनं हाक मारली, "अरे, उन्हात काय करतोस? सावलीत..." आणि तिथंच थांबलो. वडिलांनी उन्हात जन्म घालवून मला सावली मिळवून दिली. तिची किंमत त्यांना कळली होती. मीच ती उधळली. वाक्य अर्धंच सोडून मी बाह्या वर सारल्या आणि त्याच्या किल्ल्याला माती भिजवायला उन्हात जाऊन बसलो.