वाळू, समुद्र आणि एक जुनी थाप

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. गुडघे, लग्नसराई, शेतावर हळद शिजवायचे दिवस... निमित्तं काय, मिळतच असतात. पण परवा धाकट्या नणंदेचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही मस्कतला मासे खाल्ले म्हणे?" बातमी हिंगोलीत पोचलीच आहे तर निदान नीट पोचावी, म्हणून लिहायला बसले.

तर झालं असं. मुलगा नोकरीनिमित्त मस्कतला असतो. २०२४ च्या जानेवारीत मी त्याच्याकडे होते. जानेवारीत तिथली हवा म्हणजे आपल्याकडची दिवाळीतली. त्याने आठवडाभर रजा काढली आणि एक कॅरॅव्हॅन भाड्याने आणली. आपल्याकडे याला चाकावरचं बिऱ्हाड म्हटलं असतं. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग, मागची बाकडी उलगडली की दुसरा, दोन शेगड्या, वीतभर मोरी, आणि एक संडास, ज्यात वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागतं. पाण्याची टाकी अगदीच बेताची. सून काळजीत पडली, पाणी पुरेल ना? म्हटलं, "अगं, पन्नास वर्षं मराठवाड्यात काढलीत, तांब्याभर पाण्यात भांडी घासून दाखवते." दोन दिवसांची टाकी आम्ही चार दिवस पुरवली, हे इथे मुद्दाम नोंदवते. :)

मस्कतहून सूर हे गाव साधारण दोनशे किलोमीटर. डावीकडे निळा समुद्र, उजवीकडे उघडेबोडके डोंगर. मैलोन्‌मैल झाड दिसत नाही. सूरला लाकडी गलबतं बांधण्याची जुनी परंपरा आहे आणि त्यासाठी लागणारं सागवान आपल्या मलबारातून जायचं. पुढे रास अल जिंझला हिरव्या कासवांचं राखीव क्षेत्र आहे, रात्री वाटाड्याबरोबर किनाऱ्यावर नेतात. मला आमच्या बाजूचं वेळास आठवलं, तिथेही कासवं अंडी घालतात, पण ती वेगळ्या जातीची. "आमच्या बाजूचं" म्हणजे कुठलं, असं नातू लगेच म्हणाला. त्याच्या लेखी आजी म्हणजे हिंगोली.

हे बऱ्याच वाचकांनाही माहीत नसेल, म्हणून सांगते. माझं माहेर हर्णैचं. दापोली तालुका, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. वडील पोस्टात होते, त्यांची बदली परभणीला झाली. मी बीए तिथेच केलं आणि १९७३ साली लग्न होऊन हिंगोलीला आले (तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती, वेगळा जिल्हा १९९९ ला झाला). सासर माळकरी. नर्सी नामदेव जवळ, पंढरीची वारी चुकत नाही असं घर. घरात अंडंसुद्धा येत नसे. मला कोणी "सोड" म्हणालं नाही. सासूबाई तर एवढंच म्हणाल्या, "माहेरी गेलीस की खात जा बाई, तुझं तू बघ." आणि मी सोडलं. माहेरीही खाईना झाले. नव्या नवरीला सगळ्यांत पुढे राहायची हौस असते, तीही असेल त्यात.

आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. लग्नाला वर्ष झालं असेल, एकदा सिद्धेश्वर धरणावर गेलो होतो. तिथे एक बाई मासे तळून विकत होती. ह्यांनी काय करावं? गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाने जाऊन एक पुडी विकत आणली, माझ्या हातात दिली आणि स्वतः लांब लिंबाखाली पाठ करून उभे राहिले. "खा तू, मी बघत नाही." आता इतक्या वर्षांनी लिहितानाही हात थांबतो. मी खाल्लं नाही. म्हटलं, "मला आता तो वासच सहन होत नाही हो." पुडी त्या बाईच्या पोराला देऊन टाकली.

ही थाप होती. तोंडाला पाणी सुटलं होतं.

पण ह्यांनी ती खरी धरली आणि आयुष्यभर जपली. बाजारात मासळीच्या गल्लीवरून जायचं झालं तर मला वळसा घालून न्यायचे. मुलांना सांगून ठेवलेलं, आईला वास सोसत नाही. २०१९ साली शेवटच्या दुखण्यात एकदा म्हणाले, "तुझं तुलाच सुटलं ते बरं झालं. नाहीतर माझ्या मनाला लागून राहिलं असतं." मी पाय चेपत होते, चेपत राहिले. त्या वेळी खरं सांगून काय साधलं असतं?

असो. प्रवासाकडे वळू.

अल अश्खराच्या पुढे रस्ता दक्षिणेकडे उतरतो आणि मग शर्किया वाळवंट थेट समुद्रापाशी येतं. पूर्वी याला वहिबा म्हणत. उत्तर-दक्षिण पसारा साधारण १८० किलोमीटरचा. उजवीकडे तांबूस-पिवळ्या वाळूच्या टेकड्या, डावीकडे लाटा, मधून डांबरी रस्ता, त्यावरही वाऱ्याने वाळू आणून टाकलेली. आमचं बिऱ्हाड एका ठिकाणी कडेला घेतलं ते मागच्या चाकांनी रुतलंच. मुलगा फावड्याने उकरतोय, सून फळ्या शोधतेय, मी सूचना देतेय (शिक्षिका ना!). शेवटी पिकअपमधून दोघे ओमानी उतरले, काही न बोलता चाकांतली हवा बरीच कमी केली आणि गाडी ओढून काढली. हवा कमी केली की टायर पसरतो, वाळूत बुडत नाही. एक जण हिंदीत म्हणाला, "अम्मा, चाय है?" चहा होता.

शाळेत मी मराठीबरोबर भूगोलही शिकवला. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, हे वाक्य किती वर्षं फळ्यावर लिहिलं असेल. पण तेच वारे वाटेत ओमानला काय देतात, ते मुलाने सांगितलं तेव्हा कळलं. उन्हाळ्यात ते या किनाऱ्याला समांतर वाहतात आणि वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात. मग तळाचं थंड, सकस पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यावर मासे. या वाळवंटी पट्ट्यात पाऊस पडतो न पडल्यासारखाच, पण समुद्र भरलेला. ज्या वाऱ्यावर आमच्या हिंगोलीचं सोयाबीन आणि हळद उभी राहते, त्याच वाऱ्यावर इकडे मासळी पोसते. हे मला विद्यार्थ्यांना सांगता आलं नाही, याची चुटपुट लागली.

मासळी इतकी, की वाळवलेले तारली उंटांना आणि गुरांना चारतात. नातू हसून लोळला. म्हटलं, बाबा, इथले उंट माळकरी नाहीत.

त्या संध्याकाळी एका कोळीवस्तीजवळ थांबायचं होतं. होड्या परतत होत्या, पिकअप लाटांत घालून दोरीने होड्या वर ओढत होते. वाळूवर मासळी वाळत घातलेली. वारा माझ्याकडून, आणि तो वास... हर्णैच्या बंदराचा. संध्याकाळचा लिलाव, होड्यांपासून काठापर्यंत मासळी आणणाऱ्या बैलगाड्या, आईचा हात. मी डोळे मिटून उभी होते. तेवढ्यात मुलगा धावत आला, "सॉरी आई, मला वाटलं नव्हतं इतका वास येईल. दोन किलोमीटर पुढे जाऊन थांबू." सून भराभर सामान उचलायला लागली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी त्यांच्याकडे असले की त्यांच्या घरात मासे शिजत नाहीत. समुद्रकाठी राहणारी मुलं, दोन-दोन महिने माझ्यापायी वरण-भातावर.

"थांब," म्हटलं. "मला वास येत नाही."

"येत नाही?"

"म्हणजे येतो. आवडतो."

मग धरणावरची गोष्ट सांगावी लागली. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "बाबांना कधीच कळलं नाही?" मी नाही म्हटलं. तो उठून पाण्याकडे गेला. मला वाटलं रागावला. थोडा रागावलाही असावा. परत आला तो हातात सुरमई घेऊन. तिकडे तिला कनद म्हणतात.

मीच केली. मीठ, आपल्या वसमतची हळद, जी मी दोन किलो नेली होती, लिंबू, तिखट, वरून तांदळाचं पीठ. आमसूल नव्हतं. पहिला तुकडा ताटात घेतला आणि खरं सांगते, घास वर जाईना. एकादशी नाही, हे सकाळीच कालनिर्णयात पाहिलं होतं, तरी. लिंबाखाली पाठ करून उभा असलेला माणूस डोळ्यांपुढून हलत नव्हता. मुलगा तेवढ्यात ताट घेऊन उठला, समुद्राकडे तोंड करून बसला. म्हणाला, "मी बघत नाही."

खाल्लं मी. दोन तुकडे. काटा बोटांनी बरोबर काढला, नातवालाही काढून दिला.

दुसऱ्या दिवशी रेंज आल्यावर हर्णैला वहिनीला फोन केला. तिला वाटलं कोणाचं काही बरंवाईट झालं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मीठ लावून मुरत ठेवलेलीस ना आधी? की तशीच टाकलीस तव्यात?"