मागच्या चाकांचं जॉइंट खातं

गेली सहा वर्षं मी आमच्या बँकेत लॉकर विभाग सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, तर तळघराच्या दाराशी टेबल टाकून बसतो, रजिस्टरात सही घेतो, आत जाऊन बँकेची किल्ली फिरवतो आणि गिऱ्हाईक आपली किल्ली फिरवू लागलं की तोंड वळवून बाहेर येतो. लोकांच्या सोन्यापासून तीन फुटांवर उभं राहूनही ज्यानं ते कधी पाहिलं नाही, असा माणूस म्हणजे मी. तेव्हा गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस गावाहून धाकट्या भावाचा, अनंताचा फोन आला आणि तो म्हणाला, "दादा, लॉकर घ्यायचा म्हणतोय, तुझं काय मत?" तेव्हा खरं सांगतो, मला भरून आलं. आयुष्यात प्रथमच कुणीतरी माझ्या विषयातलं मत मला विचारत होतं.

"वेटिंग लिस्ट आहे," मी जरा ऐटीतच म्हणालो, "पण आपल्या माणसासाठी बघू. दोन फोटो पाठव, आधार कार्ड पाठव, आणि नॉमिनी कोण ते सांग."

"नॉमिनी कशाला? मागच्या ऍक्सलला लावायचाय."

मी गप्प बसलो. सोनं लोक कुठं कुठं ठेवतात हे मला ठाऊक आहे. डाळीच्या डब्यापासून देवाच्या चौरंगाखालपर्यंत. पण ऍक्सलला?

मग त्यानं सगळं सांगितलं. राजापूर तालुक्यात आमची वाडी आहे. डांबरी सडकेपासून वाडीपर्यंत दीड मैलाची घाटी. खाली चिखल, वर जांभ्याचा दगड, त्यावर शेवाळ, आणि मधोमध पावसानं पाडलेली घळ. अनंताकडे 2012 सालची सेकंडहँड थार आहे. कागदावर तिचं नाव थार, वाडीत तिला जीपच म्हणतात. गणपतीत, गौरी जेवल्या त्या रात्री, आईला दम लागला. अनंतानं तिला जीपमध्ये घातलं, फोर बाय फोर टाकलं आणि निघाला. निम्म्या घाटीत मागचं एक चाक घळीवर अधांतरी आलं. पाऊण तास ते चाक हवेत गरगर फिरत होतं आणि जमिनीवरचं चाक शेजारी स्वस्थ उभं होतं. शेवटी वाडीतल्या सहा जणांनी आईला खुर्चीत बसवून सडकेपर्यंत खाली नेलं. पुढं रुग्णवाहिका मिळाली, रत्नागिरीला औषधपाणी झालं, चौथ्या दिवशी आई घरी आली. आता बरी आहे.

"आणि हे मला आज सांगतोस?"

"तू तिथून काय करणार होतास?" अनंता म्हणाला. टोमणा नव्हता तो. त्यानं साधी चौकशी केली होती, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर नसलं की माणूस अभ्यासाला लागतो. मी बी.कॉम., सेकंड क्लास. यंत्रांशी माझा संबंध बँकेच्या स्टेपलरपुरता. तरी आठ दिवस मी व्हाउचरांच्या पाठीवर आकृत्या काढत बसलो. पहिली गोष्ट कळली ती ही, की गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त रस्ता कापावा लागतो. किती जास्त? दोन चाकांत 1.3 मीटर अंतर धरलं, तर एका पूर्ण फेरीत आठ मीटरहून थोडं अधिक. आणि गंमत अशी, की फेरी वडाच्या पाराला मारा नाहीतर अख्ख्या तालुक्याला, फरक तेवढाच, आठ मीटर. माझा विश्वास बसेना. मी तीनदा गणित केलं. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. बँकेत असं क्वचित घडतं.

ही तफावत सांभाळण्यासाठी मागच्या ऍक्सलच्या पोटात जी गिअरांची गाठ असते, तिचं नाव डिफरन्शियल. पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीनं 1827 साली तिचं पेटंट घेतलं. गाठ मोठी न्यायी. दोन्ही चाकांना जोर अगदी सारखा वाटते. मात्र जे चाक कमी जोर झेलू शकतं, त्याच्या ऐपतीइतकाच दोघांना मिळतो. आता हवेतल्या चाकाची ऐपत जवळजवळ शून्य, म्हणून जमिनीवरच्यालाही शून्य. आणि फिरणं मात्र सगळंच्या सगळं हवेतल्याच्या नावावर जमा! हे वाचलं आणि आमच्या शाखेतल्या दोन टेबलांची मला आठवण झाली. कुठली ती सांगत नाही. मला अजून तिथं चौदा वर्षं काढायची आहेत.

"पण फोर बाय फोर होतं ना?" मी अनंताला विचारलं. होतं; पण तो ऍक्सल-ऍक्सलमधला समझोता. जोर पुढच्या ऍक्सलला गेला, तरी तिथंही तसलीच न्यायी गाठ बसलेली. मागचं एक आणि तिरक्या कोपऱ्यातलं पुढचं एक, अशी दोन चाकं हलकी झाली की चार चाकांची गाडी शून्य चाकांवर येते.

यावर उपाय लॉकर. दोन्ही चाकं एकमेकांना बांधून टाकायची, म्हणजे एक घसरलं तरी दुसरं ओढतं. इथवर सोपं होतं. पुढं कळलं, की लॉकर नाना प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

सर्वांत स्वस्त उपाय गावातल्या एका वेल्डरनं सुचवला. आतल्या छोट्या गिअरांना टाका मारायचा. खेळ खलास. हे म्हणजे कधीच वाटणी न होणारं अविभक्त हिंदू कुटुंब. चिखलात उत्तम, पण डांबरी सडकेवर प्रत्येक वळणाला एक टायर फरपटत जाणार, आणि सगळा ताण ऍक्सलच्या दांड्यांवर.

दुसरा, लिमिटेड स्लिप. आत चकत्या असतात, त्या घासून घसरणाऱ्या चाकाला थोडं आवरतात. ओल्या सडकेवर, वाळूत बरा. पण चाक पुरतं अधांतरी लोंबकळलं की तो हात वर करतो. नावातच लिमिटेड आहे. आम्हा कॉमर्सवाल्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

तिसरा, अस्सल ऑटोमॅटिक लॉकर. अमेरिकेतला 'डेट्रॉइट लॉकर' त्यातला नामांकित. हा एरवी बांधलेलाच असतो. वळणावर बाहेरचं चाक जास्त पळू लागलं की तेवढ्यापुरतं त्याला सोडतो आणि पुन्हा धरतो. म्हणजे 'जॉइंटली' चालणारं खातं. दोघांच्या सह्या हव्यातच, एखाद्याला क्षणभर बाहेर जायची परवानगी. धरता-सोडताना खट्, खाड असे आवाज. वळणात ऍक्सलरेटर दाबला की गाडी सरळ जायला बघते, सोडला की शेपटी हलवते. आणि आखूड गाडीला हे जास्त जाणवतं. याचाच धाकटा भाऊ म्हणजे जेवणाच्या डब्याएवढ्या खोक्यात येणारा लॉकर. जुनीच पेटी ठेवून फक्त आतले छोटे गिअर काढून तो बसवतात. खर्च कमी, पण पेटी जुनी. तिच्या ताकदीपलीकडे त्याची ताकद नाही.

चौथा, हवेवर चालणारा, ऑस्ट्रेलियात नावारूपाला आलेला. बटण दाबलं की बंद, सोडलं की मोकळा. अगदी आज्ञाधारक. पण त्याला कॉम्प्रेसर हवा, नळी हवी, वायर हवी, आणि खिशात भरपूर पैसे हवेत.

पाचवा पाहिला आणि मी खुर्चीत सरसावून बसलो, कारण रिझर्व्ह बँकेप्रमाणे याच्यातही एक गव्हर्नर असतो. ईटन कंपनीनं हा 1973 साली अमेरिकेत आणला. एरवी तो साध्या गाठीसारखा मोकळा. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला, की गव्हर्नरची वजनं बाहेर फेकली जातात, एक खीळ अडकते, चकत्या आवळल्या जातात आणि दोन्ही चाकं पक्की बांधली जातात. गाडी ताशी सुमारे तीस किलोमीटरच्या वर असली, तर दुसरं एक वजन मध्ये येऊन त्याला बांधूच देत नाही. इथं बटण नाही, की वायर नाही. थारला 2015 पासून कारखान्यातूनच या जातीचा लॉकर मिळू लागला. दोष एवढाच, की चाक आधी थोडं घसरल्याखेरीज हा जागा होत नाही, आणि जागा होतो तो धक्का देऊन. घाबरून ऍक्सलरेटर तळाला नेणाऱ्याच्या हाती दिला तर दांडा तुटायची भीती.

मी पाच रकान्यांचा तक्ता केला, गुण जमेला, दोष नावे. दिवाळीत गावी गेलो आणि पडवीत बसून अनंताला वाचून दाखवला. त्यानं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला: "आई गाडीत आहे, पाऊस पडतोय, आणि मी हातखंब्याच्या वळणावरून उतरतोय. तेव्हा यातला कोण काय करील?"

माझ्या तक्त्यात हा रकानाच नव्हता. घाटी दीड मैलाची. रत्नागिरीपर्यंतची सडक तिच्या कितीतरी पट लांबीची. एका प्रश्नात वेल्डिंग गेलं, आणि मागोमाग डेट्रॉइट आणि त्याचा डबेवाला भाऊही गेला. लिमिटेड स्लिप सडकेवर ठीक, पण घाटीतल्या अधांतरी चाकापुढं आधीच नापास. उरले दोन, बटणवाला आणि गव्हर्नरवाला.

"बटण नको," अनंता म्हणाला. "त्या रात्री मला वायपर लावायचंसुद्धा सुचलं नव्हतं."

आई आतून म्हणाली, "मला विचाराल तर खुर्ची बरी होती. चौघडा तेवढा नव्हता."

मिस्त्रींनी ऍक्सल खोलला. दांड्यांच्या टोकाच्या खाचा मोजल्या, क्राऊन-पिनियनचे दात मोजले. मागचं प्रमाण पुढच्या ऍक्सलशी जुळलं नाही, तर फोर बाय फोर टाकल्यावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशीच भांडतात म्हणे. पुढून चेंगरलेल्या एका नव्या गाडीचा अख्खा मागचा ऍक्सल, लॉकरसकट, त्यांनी हुडकून काढला. मापं जुळली. आमच्या लॉकरचं काही बरंवाईट झालं आणि चूक बँकेची ठरली, तर वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपर्यंत भरपाईची जबाबदारी, असा 2022 पासून नियम आहे. म्हणून मी मिस्त्रींनाही विचारलं, "तुमच्या लॉकरची गॅरंटी काय?"

ते म्हणाले, "मी हाय ना."

राहिले पैसे. "निम्मे तुझे, निम्मे माझे," अनंता म्हणाला. आमच्या घरात हे असंच चालत आलंय; वडिलांच्या दिवसकार्यापासून घराच्या कौलांपर्यंत सगळं निम्मं-निम्मं. आणि तिथं माझी व्हाउचरावरची आकृती एकदम डोळ्यांपुढं आली. सारखी वाटणी म्हणजे काय? तर ज्याची ऐपत कमी, त्याच्या ऐपतीइतकंच दोघांनी द्यायचं. मोहोर गळाला त्या वर्षी अनंताचं चाक हवेत, म्हणून माझंही खिशात हात घालून उभं. घराची कौलं दोन वर्षं का राहिली, ते त्या दिवशी मला कळलं. आणि आईच्या आजारपणात? तिथं ओढणारं चाक एकच. मी पुण्याहून फोन करकरून नुसता गरगर फिरतो. वाडीतले लोक मात्र म्हणतात, थोरल्याचं किती लक्ष आहे आईवर!

"पैसे सगळे मी देतो," मी म्हणालो.

"का म्हणून?" अनंता चिडला. "मी भिकारी आहे का?"

त्याला सगळं समजावून सांगायला तासभर लागला. चिखलात त्याची पकड आहे, पगाराच्या तारखेला माझी आहे; ज्याचं चाक जमिनीवर, त्यानं ओढावं. शेवटी तो म्हणाला, "तुझ्या लेखात हे लिहू नकोस." मी वचन दिलं. बँकेत मी सणाची उचल घेतली, आणि सौ. नं सोफ्याची खोळ आणखी एक वर्ष धुवून वापरायचं ठरवलं.

चाचणीच्या दिवशी मिस्त्रींनी तेच चाक मुद्दाम त्याच घळीवर नेलं. "ऍक्सलरेटर हळू नि सारखा ठेव," ते अनंताला म्हणाले. मला मागं बसवलं होतं, ओझं म्हणून. चाक हवेत गरगरलं, एक क्षण, फार तर दोन. मग खालून खट् असा आवाज आला, माझं डोकं वरच्या दांडीवर आपटलं, आणि जीप मुकाट्यानं वर चढली. वर अंगणात आई उभी होती. तिनं विचारलं, "दादाला लागलं का रे?" लॉकरचं कौतुक राहिलंच.

या जूनमध्ये रात्री अकराला अनंताचा फोन आला. "आईला जरा खोकला आहे. विशेष काही नाही. आपलं तुला सांगितलं."

मी म्हणालो, "पहाटेच्या गाडीनं निघतो."

"अरे, विशेष काही नाही म्हटलं ना! कशाला येतोस?"

"ओझं म्हणून," मी म्हणालो, आणि बॅग भरायला घेतली.