बॅटरी धर

आमच्या घरात बर्फ काढायचं काम नवऱ्याचं. असं कुणी बसून ठरवलं नव्हतं, पण सिरॅक्यूजमध्ये घर घेतलं त्या पहिल्या हिवाळ्यापासून तसंच चालत आलं. तो स्नोब्लोअर घेऊन बाहेर जायचा, मी आत चहा टाकायचे.

मागच्या ऑक्टोबरमध्ये त्याला स्टेंट टाकला. वय ४१. डॉक्टरांनी पथ्यांची यादी दिली. त्यातलं एक पथ्य आमच्या सांगलीत कुणी कधी ऐकलं नसेल: या हिवाळ्यात फावडं हातात घ्यायचं नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, त्यात जड बर्फाचं फावडं उचललं की रक्तदाब आणि ठोके एकदम चढतात. इथे दर हिवाळ्यात बर्फ उपसताना माणसं कोसळतात.

आणि बर्फ तर पडणारच. लेक ऑन्टॅरिओवरून येणारा गार वारा तळ्यातली वाफ उचलतो आणि आमच्या डोक्यावर आणून ओततो. सिरॅक्यूजला एका हिवाळ्यात सरासरी ३०० सेंटीमीटरच्या आसपास बर्फ पडतो. दोन माणसं एकावर एक उभी राहिली तर वरच्याचं डोकं तेवढं बाहेर राहील.

ज्यांनी स्नोब्लोअर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पुढे पिळदार पाती असतात, ती बर्फ आत ओढतात. मागचा पंखा तोच बर्फ वरच्या नळीतून लांब फेकतो. इंजिन अगदी साधं, गणपतीच्या मांडवामागे दोरी ओढून सुरू करतात त्या छोट्या जनरेटरसारखं.

जानेवारीतली एक संध्याकाळ. बाहेर उणे १२. मी पहिल्यांदाच एकटी मशीन घेऊन उतरले. दहा मिनिटं मस्त चाललं. मग इंजिन खोकलं, दोनदा आचके दिले आणि बंद पडलं. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. काही नाही. आत येऊन अर्धा तास बसले, परत गेले, तर पहिल्या झटक्यात सुरू! आणि दहा मिनिटांनी पुन्हा बंद.

गॅरेजच्या दारात नवरा उभा होता. हातात फावडं.

"बाजूला हो. तोंडाजवळचं तेवढं मी काढतो."

"ठेव ते."

"अगं, चार फावडी फक्त."

"ठेव म्हणते ना!"

आवाज चढला माझा. ड्राइव्हवे मोकळा हवा होता तो माझ्या ऑफिससाठी नव्हे. रात्री काही झालं तर अॅम्ब्युलन्स दारापर्यंत यायला हवी, एवढंच डोक्यात होतं. ते मी बोलले नाही, पण त्याला कळलं. फावडं भिंतीला टेकवून तो आत गेला. हे त्याचं काम होतं आणि तेही आता त्याच्याकडून काढून घेतलं गेलं होतं. थोड्या वेळाने त्याचा मेसेज आला: 'नवीन कार्ब्युरेटर मागवतो. चार दिवसांत येईल.'

चार दिवस! मी त्या मशीनकडे बघत बसले आणि मला बाबांची स्कूटर आठवली.

सांगली-मिरज रस्त्यावर ती महिन्यातून एकदा तरी बंद पडायची. बाबा ती एका अंगावर तिरकी करायचे, किक मारायचे. नाहीच झाली सुरू तर डिकीतून प्लग पाना आणि पॉलिश पेपर निघायचा. दादाला हाक मारून सगळं दाखवायचे, "हे बघ, हे शिकून ठेव." मला एकच काम. "तू बॅटरी धर. नीट धर गं, हलवू नकोस."

मला कुणी काही शिकवलं नाही. पण बॅटरी धरणाऱ्याला सगळं दिसतं.

बाबांचं एक ठरलेलं होतं. इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. एकेकीला विचारत जायचं. दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, नाहीतर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

आधी ठिणगी. मशीन पुन्हा सुरू केलं, बंद पडू दिलं आणि लगेच प्लग काढला. गरम झाल्यावर कॉइल दगा देते आणि गार झाल्यावर सुधारते, म्हणून ही तपासणी त्याच क्षणी करायची. प्लग टोपीत घालून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला, दोरी ओढली. टिच्च! निळी ठिणगी. करंट होता. पण प्लग कोरडा होता. एवढ्या दोऱ्या ओढल्यावर तो पेट्रोलने ओला व्हायला हवा. म्हणजे पेट्रोल पोचतच नव्हतं.

मग कार्ब्युरेटरच बिघडला असेल? इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं. ते ओल धरतं, आणि पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं की कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात चिकट थर बसतो. पण मग इंजिन सुरुवातीपासूनच रडलं असतं, चोक ओढल्याशिवाय चाललंच नसतं. आमचं दहा मिनिटं ठणठणीत चालत होतं. शिवाय पेट्रोल डिसेंबरात भरलेलं.

गरम इंजिनाजवळ पेट्रोल सांडू नये, म्हणून थोडं थांबले. मग कार्ब्युरेटरच्या वाटीखाली डबा धरला आणि तळाचा बोल्ट सैल केला. हातमोजे काढावे लागले. उणे १२मध्ये बोटावर पेट्रोल उडालं की चटका बसल्यासारखं होतं. आठ-दहा थेंब पडले आणि धार थांबली. टाकी तर पाऊण भरलेली.

इथे माझी गाडी अडली. आणि त्याच वेळी पाठीमागून उजेड आला. नवरा फोनची बॅटरी लावून उभा होता. अंगावर जाड जॅकेट, हात रिकामे.

"कुठे धरू?"

"टाकीवर," मी म्हणाले. आणि उजेड झाकणावर पडला.

तेलाच्या डब्याला आई नेहमी दोन भोकं पाडायची. एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. एकच पाडलं तर तेल गुळगुळ करत अडतं. पेट्रोलच्या टाकीचंही तेच. खाली गेलेल्या पेट्रोलच्या जागी हवा यावी म्हणून झाकणात एक बारीक वाट ठेवलेली असते. ती बुजली की आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. अर्ध्या तासात कुठूनतरी हवा झिरपते आणि इंजिन पुन्हा दहा मिनिटं चालतं.

मी झाकण फिरवलं. फुस्स! आणि खालच्या डब्यात धार सुरू झाली.

आम्ही दोघंही काही क्षण नुसती ती धार बघत होतो.

झाकण घरात नेलं. भोकात मळ होता, त्यावर बर्फाचा कण. गरम पाण्याने धुतलं, टाचणीने वाट मोकळी केली, कोरडं पुसलं. झाकण सैल ठेवूनही इंजिन चाललं असतं, पण हिसक्यांनी पेट्रोल गरम इंजिनावर सांडलं असतं, म्हणून घट्टच लावलं. मशीन बाहेर काढून दोरी ओढली. नवऱ्याने पायरीवर उभं राहून स्टॉपवॉच लावलं. नववं मिनिट, दहावं. अकराव्याला त्याने अंगठा वर केला. मी थांबले नाही, थेट रस्त्याच्या तोंडापर्यंत गेले.

आत आल्यावर चहा त्याने टाकला होता. कार्ब्युरेटरची ऑर्डरही रद्द केली होती. कप पुढे करत म्हणाला, "पुढच्या वर्षी मला शिकव."

मी म्हटलं, "या वर्षी तू बॅटरी धर. आपोआप येतं."

तो हसला. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच बहुतेक. तेवढ्यात रस्त्यावरून शहराचा नांगर-ट्रक खडखडत गेला आणि आमच्या ड्राइव्हवेचं तोंड पुन्हा गुडघाभर बर्फाने बंद करून गेला.

मी हातमोजे चढवले. त्याने फोन उचलला.