कासवांच्या गावाहून

ती. मावशीस,


कोस्टा रिकात पॅसिफिकच्या काठी ओस्तियोनाल नावाचं गाव आहे, तिथून लिहितेय. न्याहारीला रोज भात आणि काळा घेवडा एकत्र परतलेला. त्याला म्हणतात 'गायो पिंतो', ठिपक्यांचा कोंबडा. कोंबडा औषधालाही नाही. पहिल्या दिवशी मी शोधलासुद्धा.

आपल्या कोकणात वेळासला आपण थंडीत पहाटे उठून कासवाच्या एकेका मादीचा माग काढतो, एक घरटं सापडलं तरी केवढा आनंद! इथे तीच ऑलिव्ह रिडले, पण हजारोंनी येते. त्याला 'आरिबादा' म्हणतात, म्हणजे आगमन. लाल उजेडाचा टॉर्च, बोलायचं नाही, मादीच्या समोर जायचं नाही. अंधारात वाळू उडाल्याचा आणि कवचावर कवच आपटल्याचा आवाज तेवढा येत राहतो.

सकाळी मात्र मी चक्रावले. गावातली माणसं टाचेने वाळू चाचपत अंडी काढत होती, पोती भरभरून, आणि तीही सरकारच्या परवानगीने! 1987 पासून हे कायदेशीर आहे. माझा चेहरा बघून वाटाड्या बाई हसली. म्हणाली, आधी घातलेली कितीतरी अंडी मागून येणाऱ्या माद्याच उकरून फोडतात, मग ती सडून शेजारचीही नासतात. म्हणून पहिल्या छत्तीस तासांत गावाने ती उचलायची आणि स्वस्तात विकायची, म्हणजे चोरट्या अंड्यांना भाव उरत नाही. बदल्यात गावाने किनारा राखायचा, पिल्लं निघाली की कुत्री-गिधाडं हाकलायची. या देशाची रीतच ही दिसते. जंगल राखणाऱ्या शेतमालकालाही सरकार पैसे देतं, त्यातले बरेच इंधनावरच्या करातून येतात.

खरं सांगू? मला त्या पोत्यांपेक्षा आम्हा पाहुण्यांचीच भीती जास्त वाटली. 2015 च्या सप्टेंबरात इथे शेकडो पर्यटक एकदम वाळूवर उतरले. कुणी फोटोसाठी पोरांना कासवांच्या पाठीवर बसवलं. कितीतरी माद्या अंडी न घालताच परत फिरल्या. अंडी नेणारा निदान पुढच्या वर्षी कासव यावं म्हणून झटतो. फोटोवाल्याला पुढच्या वर्षाशी काय देणंघेणं? आता गावच्या वाटाड्याशिवाय कासवं बघायला जाता येत नाही. त्याची फी गावातच राहते, पाहुण्यांकडून तुला मिळणाऱ्या उकडीच्या मोदकांच्या पैशांसारखी.

आपल्या कासव महोत्सवात पिल्लांवरची टोपली उचलली की फोन घेऊन पुढे घुसणारे आठव. तुझ्याकडे उतरणाऱ्यांना जेवणाच्या पंगतीतच दम भरत जा. तुझं ऐकतील.

आणि मामाला यातलं छत्तीस तासांचं काही सांगू नकोस. आपल्याकडे घरटी एकेकटी, कुणी कुणाचं उकरत नाही, तेव्हा ते गणित वेळासला लागूच नाही. पण तो पुढचं ऐकायच्या आत पोतं शोधायला उठेल. लहानपणी त्याने किती अंडी खाल्लीत, ते तुलाच ठाऊक.

तुझी,
भाची