शिकविणें आणि बोलविणें

पुण्यांतील एका शाळेंत आम्ही स्पॅनिश शिकवितों. "आपल्याकडे ही भाषा कशाला?" असें आमच्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींनींही विचारलें होतें, तेव्हां २० देशांची ती राजभाषा आहे, हें उत्तर आमच्या जिभेवर तयार होतें. परंतु भाषा शिकविणें म्हणजे काय, याचें उत्तर आम्हांस एका ११ वर्षांच्या विद्यार्थ्यानें दिलें, तेंही न बोलतां. आणि त्या वेळीं आमची मान खालीं गेली, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

आमची जुनी रीत धातुरूपांची. 'आब्लो, आब्लास, आब्ला', म्हणजे 'मी बोलतों, तूं बोलतोस, तो बोलतो', हीं रूपें मुलें पाढ्यांप्रमाणें म्हणत. 'बोलणें' या धातूचीं रूपें सर्वांस पाठ. बोलणें मात्र कोणाचेंच नाहीं. एके दिवशीं मेक्सिकोहून आलेले एक गृहस्थ वर्ग पाहावयास आले. त्यांनीं हंसून एका मुलास विचारलें, "के देसायुनास्ते ओय?" म्हणजे "आज न्याहारीला काय खाल्लेंस?" मुलगा गप्प. त्यानें हळूच आमच्याकडे पाहिलें. त्यास प्रश्न समजला होता, सकाळचे पोहेही आठवत होते. भीति होती ती आमची. कारण तीन महिन्यांपूर्वीं हाच मुलगा मोठ्या हौसेनें बोलूं लागला असतां आम्हीं त्याला एका वाक्यांत चार वेळां अडविलें होतें. त्यानंतर तो बोललाच नव्हता, आणि तें आमच्या ध्यानांतही आलें नव्हतें.

भाषांतर न करतां थेट बोलूनच भाषा शिकवावी, ही पद्धत बर्लिट्झ यांनीं अमेरिकेंतील प्रॉव्हिडन्स शहरीं १८७८ सालीं काढलेल्या शाळेंत रूढ केली. भीति आणि संकोच यांची गाळणी मनाला बसली म्हणजे ऐकलेलें आंत झिरपत नाहीं, असें स्टीफन क्रॅशन यांनीं १९८२ च्या आपल्या ग्रंथांत मांडलें. हे विचार आमच्या कपाटांत होते, वर्गांत नव्हते. वस्तुतः त्यांसाठीं ग्रंथ तरी कशाला हवेत? घरांतील लहान मूल 'दुदू' म्हणतें, तेव्हां आजी त्याचें व्याकरण काढीत नाहीं. दुधाची वाटी पुढें करते.

आम्हीं पाठांचे विषय बदलले: स्वयंपाकघर, मंडई, नातीं, आजारपण. मंडईच्या दिवशीं बांकांचीं दुकानें झालीं. मुलांनीं घरून बटाटे, कांदे, केळीं आणलीं. भाव फक्त विक्रेत्यांस ठाऊक, यादी फक्त गिऱ्हाइकांपाशीं, आणि खर्चास प्रत्येकी १०० कागदी रुपये. यांतच सारें मर्म आहे. उत्तर दोघांसही ठाऊक असेल, तर प्रश्न विचारणें हें नाटक होतें. एकास ठाऊक नसेल, तर त्याला विचारावेंच लागतें. 'क्वांतो क्वेस्ता?' म्हणजे 'केवढ्याला?' आणि 'एस मुय कारो!' म्हणजे 'फार महाग!' हीं वाक्यें त्या तासाला कोणास पाठ करावीं लागलीं नाहींत. आम्हीं स्वतःसही एक नियम घालून घेतला: मध्यें बोलावयाचें नाहीं, चुका वहींत टिपावयाच्या आणि शेवटच्या पांच मिनिटांत त्यांतील दोनच, कोणाचें नांव न घेतां, फळ्यावर मांडावयाच्या.

मुलें बोलूं लागलीं, तसा आणखी एक लाभ दिसून आला. 'मे गुस्ता एल मांगो' या वाक्याची घडण हुबेहूब 'मला आंबा आवडतो' अशी आहे. आंबे अनेक झाले कीं दोन्ही भाषांत क्रियापदही अनेकवचनी होतें. इंग्रजीच्या वाटेनें जाणारा येथें अडखळतो, मराठी मुलगा नाहीं. आपला 'तूं' तेथेंही 'तू'च, आणि आदरार्थी 'उस्तेद' निराळें. पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेला 'पाव' हा स्पॅनिश 'पान'चा चुलतभाऊच. नात्यांच्या पाठांत मात्र वर्ग अडला, कारण काका आणि मामा दोघेही 'तीओ'! "मग सुटींत कोणत्या तीओकडे गेलों, हें कळणार कसें?" असें एका मुलीनें विचारलें, आणि 'आईचा भाऊ', 'बाबांचा भाऊ' असें सांगतां सांगतां तिनें चार नवीं वाक्यें आपण होऊन रचलीं. जेवणानंतर जागच्या जागीं रंगणाऱ्या गप्पांस त्या भाषेंत 'सोब्रेमेसा' असा खास शब्द आहे. हात वाळेपर्यंत बोलत बसणाऱ्या आपल्या घरांतील मुलांस तो समजावून सांगावा लागला नाहीं.

आमच्या त्या मुलाकडे मंडईंत बटाट्यांचें दुकान होतें. गिऱ्हाईक भाव पाडूं लागतांच तो ओरडला, "नो, नो! मुय बुएनो पातातास!" बटाटे फार चांगले आहेत, असें त्याचें म्हणणें. विशेषणाचें लिंग चुकलें, वचनही चुकलें. आमची जीभ उचलली, पण हात वहीकडे गेला. त्याचे सारे बटाटे खपले.

तास संपल्यावर तो आमच्यापाशीं आला व म्हणाला, "ओय यो देसायुनो पोहे." पाहुण्यांच्या प्रश्नाचें उत्तर आज मिळालें होतें. क्रियापद वर्तमानकाळाचें होतें. भूतकाळाचें हवें होतें. आम्हीं स्पॅनिशमध्यें इतकेंच विचारलें, "त्यांत शेंगदाणे होते का?" त्यावर तो जो बोलूं लागला, तो मधल्या सुटीची घंटा संपेपर्यंत थांबला नाहीं.