कासची फुलं जवळून पाहताना

मैत्रिणींनो, भाद्रपदात साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर गेलात, तर नुसता फुलांचा गालिचा टिपून परतू नका. वाटेच्या कडेला उकिडवं बसा. ‘सीतेची आसवं’ हे निळं-जांभळं फूल जेमतेम नखाएवढं. पण ही वनस्पती कीटक खाते बरं! ‘दवबिंदू’च्या पानांवरचे थेंबही चिकट असतात, चिलटं त्यातच अडकतात.

एवढं बारीक टिपायचं कसं? मॅक्रो लेन्स असो की मोबाइल, एकच फूल निवडा. फार जवळ गेलं की पाकळी स्पष्ट दिसते नि परागकोश धूसर होतो. म्हणून कोपरं गुडघ्यांवर टेका, श्वास रोखा, वाऱ्याची झुळूक ओसरू द्या. ढगाळ उजेड उत्तम. कडक उन्हात रंग फिके येतात. सराव आधी घरीच करा. तुळशीची मंजिरी त्याला छान!

पाऊल मात्र वाटेवरच हवं. इथे जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ. तुडवलेलं फूल बी धरत नाही, मग पुढच्या वर्षी उगवणार काय? २०१२ साली जागतिक वारसा ठरलेलं हे पठार एका फोटोपायी उजाड व्हायला नको. फूल हाताच्या टप्प्यात नसेल, तर मी ते डोळ्यांनीच पाहते. तुम्हीही तसंच करा.