उंबऱ्याबाहेरचा कप

दिवाळीच्या आधीची साफसफाई हा आमच्या घरातला एक सक्तीचा सण आहे. त्यात माझ्या वाट्याला येतो तो माळा. मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा जुने कागद मलाच कळणार, असे सौभाग्यवती म्हणतात. माळ्यावर चढलेला मनुष्य दोन तास तरी खाली पायांत येत नाही, हा तिचा त्यातला खरा फायदा.

दोन वर्षांपूर्वी असाच वर बसलो असताना एक जाडजूड वही हाती लागली. आमच्या शाळेच्या जुन्या ड्रिलमास्तरांची ती कात्रणांची वही. मी नोकरीला लागलो आणि वर्षभरातच ते निवृत्त झाले. जाताना त्यांनी क्रीडासाहित्याच्या कपाटाच्या किल्ल्या, एक शिट्टी आणि ही वही माझ्या स्वाधीन केली. "पळणं, उड्या मारणं पोरं आपली आपण शिकतात," ते म्हणाले होते, "बक्षीस द्यायला मात्र शिकावं लागतं, मास्तर." म्हातारपणी माणसाला सुभाषिते सुचू लागतात, एवढाच अर्थ मी त्यातून काढला, आणि वही माळ्यावर टाकली.

वहीत लंगोट लावलेले पैलवान होते, पांढऱ्या टोपीतले क्रिकेटवीर होते. एका पानावर मात्र एकच छायाचित्र चिकटवलेले होते. भर पावसात एक सावळा, अंगाने भरलेला माणूस उभा आहे आणि त्याला कप दिला जातो आहे. खाली ड्रिलमास्तरांच्या वळणदार अक्षरात एवढेच: 'नाताळ ओपन, 1963. गोल्फ.'

मला वाटले, नाताळात भरणारी कसली तरी स्पर्धा असेल! मग लक्षात आले, की हे नाताळ म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला प्रांत. पण माझी चूक अगदीच वेडगळ नव्हती. 1497 साली वास्को द गामाची जहाजे त्या किनाऱ्यावरून गेली ती ख्रिस्तजन्माच्या सणाला, म्हणून पोर्तुगीजांनी त्या किनाऱ्याला आपल्या भाषेतले सणाचेच नाव दिले. तोच पोर्तुगीज शब्द आपल्याकडे येऊन आपल्या पंचांगातला नाताळ झाला. एका सणाचे नाव असे दोन किनाऱ्यांना लागले.

गोल्फशी माझा परिचय सिनेमापुरता. मुलीच्या लग्नाला विरोध करणारा श्रीमंत बाप पडद्यावर हा खेळ खेळताना दिसतो. पण त्या पावसाने मला सोडले नाही. मिळेल तिथून मी वाचत गेलो, आणि त्या सावळ्या माणसाची ओळख झाली.

त्याचे नाव सेवसुंकर सेवगोलम. सगळे त्याला पापवा म्हणत. 1860 सालापासून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आपल्या देशातून गिरमिटाने माणसे नेली गेली. त्या भारतीय समाजात, डर्बन शहरात, गरीब घरी तो जन्मला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नव्हते. लिहिता-वाचता येत नव्हते. बीचवुड नावाच्या मैदानावर तो गोऱ्या खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहून नेई. या कामाला कॅडी म्हणतात. पिशवी वाहता वाहता त्याने खेळ उचलला, आणि उचलला तोही उलटा. बॅट धरताना उजव्या हाताचा खेळाडू उजवा हात खाली ठेवतो, तसेच गोल्फच्या काठीचे. पापवाचा डावा हात खाली असे. कुणी शिकवलेच नाही, तर चुकले हे सांगणार कोण? आणि चेंडू जर हवा तिथे जातो आहे, तर चुकले म्हणायचे तरी कशाला?

डर्बनचे एक रसायनतज्ज्ञ होते, ग्रॅहम वुल्फ. पुढे घरोघरच्या आरशापुढे जाऊन बसलेले 'ऑइल ऑफ ओले' त्यांनीच तयार केलेले. त्यांनी या माणसाचा हात ओळखला आणि त्याला युरोपात नेले. 1959 साली पापवाने डच ओपन जिंकली. 1960 साली पुन्हा जिंकली आणि 1964 साली तिसऱ्यांदा. ज्याला स्वतःचे गुणपत्रक वाचता येत नव्हते, त्याचे नाव युरोपातल्या वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापून आले.

मी स्वतः मॅट्रिकपुढे गेलेलो नाही. शिक्षकांच्या खोलीत पदव्यांची गोष्ट निघाली, की मी खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडाकडे पाहू लागतो. त्यामुळे या माणसाविषयी मला जरा जवळीक वाटू लागली, हे कबूल करतो.

आता त्या स्पर्धेविषयी. नाताळ ओपन ही त्या प्रांतातली मानाची स्पर्धा. बॉबी लॉक आणि गॅरी प्लेअर यांच्यासारखे जगज्जेते तिच्या विजेत्यांत आहेत. परदेशात कप जिंकून आलेल्या पापवाला आपल्याच गावातल्या या स्पर्धेत खेळायचे, तर सरकारचा परवाना लागे. वर्णभेदाच्या कायद्यांनी वस्त्या, बाकडी, समुद्रकिनारे, सगळे वाटून टाकले होते. 1963 साली परवाना मिळाला. स्पर्धा डर्बन कंट्री क्लबच्या मैदानावर होती. शंभराहून अधिक खेळाडू, बहुतेक सगळे गोरे. या खेळात सर्वांत कमी फटक्यांत जो चेंडू सगळ्या भोकांत घालील, तो जिंकतो. पापवा जिंकला.

परवाना मात्र मैदानाचा होता. क्लबच्या इमारतीचा नव्हता. हिरवळीवर त्याने सगळ्यांना हरवावे, याला कायद्याची हरकत नव्हती. त्याने छपराखाली येऊन त्यांच्याबरोबर उभे राहावे, याला होती. त्यात पाऊस लागला. गोरी मंडळी आत राहिली, आणि विजेत्याला त्याचा कप बाहेर, पावसात दिला गेला. तेच हे छायाचित्र. ते जगभर छापून आले आणि आमच्या ड्रिलमास्तरांच्या वहीपर्यंत पोचले. 1893 साली याच प्रांतात, पीटरमॅरिट्झबर्गच्या स्थानकावर, हाती पहिल्या वर्गाचे तिकीट असलेल्या एका तरुण बॅरिस्टरला गाडीतून खाली उतरवले होते. सत्तर वर्षे लोटली होती. तिकीट खरे होते, कपही खरा होता; जागा तेवढी बाहेरची.

1965 साली पापवाने नाताळ ओपन पुन्हा जिंकली, आणि या वेळी हरवले ते प्रत्यक्ष गॅरी प्लेअरला. त्याच वर्षी प्लेअरने अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकून जगातल्या चारही मोठ्या स्पर्धा आपल्या नावावर केल्या, म्हणजे हरलेला माणूस केवढा होता ते ध्यानात यावे. याचे बक्षीस पापवाला असे मिळाले, की पुढे त्याला देशातल्या स्पर्धांची दारे बंद झाली आणि पासपोर्टही गेला. हरवता येत नाही, तर खेळूच द्यायचे नाही, हा उपाय सोपा असतो. 1978 साली तो वारला, तेव्हा त्याने पन्नाशीही गाठली नव्हती.

त्या पावसाची किंमत त्या देशाने पुढे भरली. 1970 साली ऑलिंपिक संघटनेने त्याला बाहेर काढले. 1974 साली डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यात आपली गाठ दक्षिण आफ्रिकेशी होती. आपण तो सामना खेळलोच नाही, चषक सोडून दिला. 1991 साली त्यांचा क्रिकेटसंघ कलकत्त्याला आला, तेव्हा कुठे ती गाठ सुटू लागली. 1994 साली तिथे सर्वांना मताचा अधिकार मिळाला, आणि प्रांताचे नावही क्वाझुलु-नाताळ झाले. नाताळ ओपन आता भरत नाही. कोण किती फटक्यांनी जिंकले, हे आज सांगणारे थोडेच सापडतील. त्या साऱ्या स्पर्धेतून माझ्यासारख्या परक्या माणसापर्यंत पोचली, ती पावसाची एक दुपार.

हे सगळे मी मोठ्या तळमळीने घरात सांगितले. त्या क्लबवर, त्या सरकारवर यथेच्छ तोंडसुख घेतले. मुलगी ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "बाबा, तुमच्या शाळेत तो पळण्यात पहिला आलेला मुलगा नव्हता का? त्यालाही बक्षीस व्हरांड्यातच दिलं होतं ना?"

मी गप्प झालो.

गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. पंधरा ऑगस्ट. सकाळी गावाबाहेरच्या रस्त्याने मुलांची लांब पल्ल्याची शर्यत झाली. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबातला एक मुलगा पहिला आला. आईबाप दरवर्षी दिवाळी झाली की कारखान्यांच्या भागात जात, हा आजीजवळ राही. अनवाणी धावला होता. गुडघ्यांपर्यंत चिखल, अंगातला सदरा भिजलेला, आणि बदलायला दुसरा नाही. सभागृहात पाहुण्यांसाठी कुणाच्या तरी घरून मागून आणलेली नवी कोरी सतरंजी अंथरलेली होती. तो दाराशी आला तेव्हा मीच पुढे झालो. अगदी प्रेमाने म्हटले, "बाळ, तू इथंच थांब. पाहुणे येतील बाहेर." पाहुणे भले गृहस्थ; ते हसत दाराशी आले. आतल्यांनी आतूनच टाळ्या वाजवल्या. पागोळ्या गळत होत्या, त्यांच्याखाली उभे राहून त्याने कप घेतला आणि वाकून नमस्कार केला. कार्यक्रम किती सुरळीत पार पडला, म्हणून मी त्या रात्री समाधानाने झोपलो होतो.

तिथे कायदा होता. माझ्यापाशी कायदा नव्हता; सतरंजी होती. कायदा बदलायला त्या देशात कितीतरी माणसांनी तुरुंग भोगले. सतरंजी गुंडाळायला दोन माणसे पुरली असती. ती दोन माणसे हाक मारण्याचे माझ्या मनातसुद्धा आले नाही. ड्रिलमास्तर काय सांगत होते, ते मला त्या रात्री कळले.

गेल्या वर्षी पाडव्याच्या दिवशी तो मुलगा आमच्याकडे आला. आता तो उसाचा ट्रॅक्टर चालवतो. दुसऱ्या दिवशी टोळीबरोबर निघायचा होता. अवकाळी सर पडून गेली होती. तुळशीच्या लग्नासाठी दोन ऊस खांद्यावर घेऊन तो आला, आणि दाराबाहेर थांबला.

"सर, ऊस इथनंच घ्या. पाय भरलेत माझे."

मी काही बोलणार होतो. गेले वर्षभर मनात घोळवलेली वाक्ये होती. पण लेखकाची वाक्ये अशा वेळी कामाला येत नाहीत. मी विचारले, "तो कप आहे का रे अजून?"

"आहे की, सर. आजीनं देवाजवळ ठेवलाय." मग जरा थांबून, हसून तो म्हणाला, "पाऊस लई होता त्या दिवशी."

"होता," मी म्हटले. "आणि तुला मी त्या पावसात उभं केलं. चुकलंच माझं. चल, आत ये."

"राहू द्या, सर..."

मी त्याचा हात धरला आणि त्याला आत आणले. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत सौभाग्यवतींनी सकाळीच रांगोळीने लक्ष्मीची पावले काढली होती. ती चुकवत चुकवत तो चालला, तरी त्याची चिखलाची पावले त्यांच्या शेजारून उमटत गेली. तो पाटावर बसला. फराळाचे ताट पुढे आले. सौभाग्यवतींनी एकदा फरशीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि चकल्यांचा डबा आणायला ती आत गेली.

संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेपर्यंत तिने फरशी पुसली नाही.